बेअरिंग विकण्याआधी त्यावरचा भार मोजणारे फोंड्यातील दुकान

गोव्यातील सत्तरी तालुक्यातील आमच्या भातगिरणीत दोन वर्षांत तीन वेळा हलरच्या, म्हणजे भाताचे तूस काढणाऱ्या यंत्राच्या, शाफ्टचे बेअरिंग गेले, आणि तिन्ही वेळा ते पुलीच्या बाजूचेच गेले. पलीकडच्या टोकाचे बेअरिंग गिरण सुरू झाली त्या दिवसापासून तेच आहे. या साध्या गोष्टीकडे आम्ही कोणीच लक्ष दिले नव्हते. प्रत्येक वेळी नवा प्लमर ब्लॉक (बिडाच्या घरात बसवलेले बेअरिंग) आणायचा, बसवायचा, पट्टे घट्ट आवळायचे आणि काम पुढे न्यायचे, असे चालले होते. तिसरे बेअरिंग दिवाळीच्या तोंडावर गेले. सरदीचे, म्हणजे पावसाळी पिकाचे, भात त्या दिवसांत दारात येऊन पडलेले असते आणि पोह्यांसाठीची गर्दीही असते. दोन दिवस गिरण बंद राहिली आणि शेजारच्या गावातील ठरलेली गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. त्या वेळी एका परिचिताने फोंड्यातील या दुकानाचे नाव सांगितले. दुकानाचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली आहे. मोजमापाला जाणारे ते आणि त्यांचा पुतण्या असे दोघेच आहेत, आणि आहे तेवढेच काम त्यांना पुरेसे आहे. फोंड्यात बेअरिंग आणि पट्टे विकणाऱ्यांना विचारले तर पत्ता मिळतो.

दुकान लहान आहे. मागच्या भिंतीला पट्टे लटकवलेले, पुढच्या कपाटात बेअरिंगची खोकी, आणि गल्ल्याशेजारी एक जुने टेबल, ज्यावर मोजपट्टी, कॅलिपर आणि लिहायचे पॅड असते. मालक पूर्वी एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये कन्व्हेयर आणि चाळणी प्लांटची देखभाल करत असत. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली-सत्तरीतील असंख्य फिटर आणि मेकॅनिक घरी बसले, त्यांपैकी ते एक. त्यांनी आपल्या हातातील विद्या दुकानात आणली, आणि ती विद्या हाच या दुकानाचा खरा माल आहे, असे माझे मत झाले आहे.

मी गेलो तेव्हा यूसीपी २०८ हा ४० मिलिमीटर शाफ्टचा ब्लॉक मागितला. दुसऱ्या एका ठिकाणी मला एक नंबर मोठे, म्हणजे २०९ बसवण्याचा सल्ला मिळाला होता, तोही मी सांगितला. ब्लॉक काढून देण्याऐवजी त्यांनी पाच प्रश्न विचारले: मोटार किती किलोवॉटची, दोन्ही पुल्यांचे व्यास किती, पट्टे किती आणि कोणत्या छेदाचे, दोन बेअरिंगांमधले अंतर किती, आणि पुलीचा मध्य जवळच्या बेअरिंगपासून किती बाहेर आहे. शेवटच्या दोन प्रश्नांचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, ब्लॉक आजच घेऊन जा, गिरण बंद ठेवू नका. पण चौथा ब्लॉक विकायची पाळी माझ्यावर यायला नको, म्हणून एकदा मोजायला येऊ द्या."

मोजमापाच्या भेटीसाठी ते ठरावीक शुल्क घेतात, आणि नंतर पुली-पट्ट्यांची खरेदी त्यांच्याकडे केली तर ते बिलातून वजा करतात. भेटीला मला नऊ दिवस थांबावे लागले, हे नोंदवतो. ज्यांची गिरण बंद पडली आहे त्यांना नऊ दिवस फार आहेत. उसगावमार्गे वाळपईकडे येण्याचा फेरा ते आठवड्यातून एकदाच करतात, त्यामुळे सत्तरीकडच्या लोकांनी हे धरूनच फोन करावा.

मालक आणि त्यांचा पुतण्या आले आणि त्यांनी पहिल्यांदा मोटार बंद करून मेन स्विच काढायला लावला. मग पुतण्याने पट्ट्याच्या मोकळ्या लांबीच्या मध्यावर पेनासारखे एक स्प्रिंगचे गेज टेकवले आणि पट्टा ठरावीक अंतर दबेपर्यंत दाबले. हे अंतर दर मीटर मोकळ्या लांबीला १६ मिलिमीटर असते. आमच्याकडे मोटार आणि हलर यांच्या शाफ्टमधले अंतर सुमारे ७०० मिलिमीटर आहे, म्हणून पट्टा ११ मिलिमीटर दाबायचा होता. आमच्या पट्ट्याला त्यासाठी सुमारे ४४ न्यूटन, म्हणजे साडेचार किलोचा जोर लागला. बी छेदाच्या (व्ही पट्ट्याच्या एका ठरावीक मापाच्या) पट्ट्यासाठी, १२५ ते २०० मिलिमीटरच्या लहान पुलीवर, हा जोर साधारण २० ते ३० न्यूटन असावा असे पट्ट्यांच्या तक्त्यात दिलेले असते, आणि आमची लहान पुली तर १०० मिलिमीटरचीच होती. आमचा फिटर पट्टा अंगठ्याने दाबून "ठीक आहे" म्हणत असे. त्याच्या अंगठ्यात चाळीस वर्षांचा अनुभव आहे, परंतु घसरणारा पट्टा थांबवण्यासाठी तो दर महिन्याला थोडा थोडा आवळत गेला, आणि अंगठाही त्या घट्टपणाला सरावला.

पट्टा घसरत का होता, याचे उत्तर मोटारच्या पुलीत होते. मोटार ७.५ किलोवॉटची, म्हणजे १० अश्वशक्तीची, १४४० फेऱ्यांची. तिच्यावर १०० मिलिमीटरची आणि हलरवर २४० मिलिमीटरची पुली होती, म्हणून हलर मिनिटाला ६०० फेरे घेत असे. बी छेदाच्या पट्ट्याला १२५ मिलिमीटरपेक्षा लहान पुली सहसा देत नाहीत, कारण इतक्या लहान वळणावर पट्टा जास्त वाकतो, तापतो आणि लवकर थकतो. शिवाय पुली लहान म्हणजे पट्ट्याचा वेग कमी, आणि तीच शक्ती कमी वेगाने न्यायची तर ओढ वाढते. १०० मिलिमीटरच्या पुलीवर पट्टा सेकंदाला ७.५४ मीटर धावतो, म्हणून ७५०० वॉट नेण्यासाठी ९९५ न्यूटनची उपयोगी ओढ लागते. तीच पुली १२५ मिलिमीटरची केली तर वेग ९.४२ मीटर होतो आणि ओढ ७९६ न्यूटनवर येते. हे गणित त्यांनी माझ्यासमोर कागदावर केले आणि मला पुन्हा करून पाहायला सांगितले. दुकानदाराने ग्राहकाकडून आकडेमोड करून घ्यावी, हे मी प्रथमच पाहिले.

यापुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. माझी समजूत अशी होती की बेअरिंगवरचा भार हलरमध्ये किती भात पडते त्यावर ठरतो. प्रत्यक्षात पट्ट्याची एक बाजू ओढते आणि दुसरी सैल पडते, पण दोन्ही बाजूंच्या ताणांची बेरीज जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून मोटार आणि हलर जागेवर पक्के असतील, तर शाफ्टवर येणारा ओढीचा भार मुख्यतः आपण पट्टा किती आवळला यावर ठरतो, आणि यंत्र थांबलेले असतानाही तो बेअरिंगवर असतोच. गेजवरच्या त्या ४४ न्यूटनवरून आमच्या प्रत्येक पट्ट्यातील ताण सुमारे ७०० न्यूटन निघाला. तीन पट्टे, प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणजे शाफ्टला ४२०० न्यूटनची ओढ, सुमारे सव्वाचारशे किलो. उपयोगी ओढीच्या हे ४.२ पट झाले. बेअरिंग कंपन्यांच्या माहितीपुस्तकांत व्ही पट्ट्यासाठी हा गुणक १.२ ते २.५ इतकाच धरलेला असतो, सपाट पट्ट्यासाठी १.५ ते ४.५ आणि दात्यांच्या पट्ट्यासाठी १.१ ते १.३. व्ही पट्टा खाचेत पाचरीसारखा रुतून पकड घेतो, म्हणून त्याला सपाट पट्ट्याइतके ताणायची गरज नसते. आम्ही मात्र व्ही पट्टा सपाट पट्ट्यासारखा ताणून चालवत होतो.

त्यानंतर पुलीची जागा. गिरणीत पूर्वी डिझेल इंजिन होते आणि त्याच्या रेषेत आणण्यासाठी पुली शाफ्टच्या अगदी टोकाला बसवलेली होती. इंजिन गेले, वीज आली, तरी पुली तेथेच राहिली. जवळच्या बेअरिंगपासून पुलीचा मध्य २०० मिलिमीटर बाहेर होता आणि दोन बेअरिंगांमधले अंतर ४०० मिलिमीटर. शाफ्ट येथे तरफेसारखा वागतो. पुलीजवळचे बेअरिंग हा टेकू होतो आणि त्याच्यावर ओढीच्या दीडपट, म्हणजे ६३०० न्यूटन भार येतो, तर पलीकडच्या बेअरिंगवर उलट दिशेने २१०० न्यूटन. पलीकडचे बेअरिंग इतकी वर्षे का टिकले, हे मला त्या क्षणी समजले.

बेअरिंगचे आयुष्य काढण्याची रीत लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन या स्वीडिश संशोधकांनी १९४७ साली मांडलेल्या सिद्धांतावर उभी आहे. प्रत्येक बेअरिंगची एक गतिक भारक्षमता दिलेली असते. तेवढ्या भाराखाली एकाच जातीच्या शंभर बेअरिंगांपैकी नव्वद बेअरिंगे दहा लाख फेरे पूर्ण करतील, असा तिचा अर्थ. या क्षमतेला प्रत्यक्ष भाराने भागायचे आणि बॉल बेअरिंग असेल तर येणाऱ्या संख्येचा घन करायचा, म्हणजे आयुष्य दशलक्ष फेऱ्यांत मिळते. आमच्या २०८ बेअरिंगची क्षमता त्यांच्या तक्त्यात २९.१ किलोन्यूटन आहे. तिला ६३०० न्यूटनने भागून घन केला तर साडेअठ्ठ्याण्णव दशलक्ष फेरे येतात, आणि मिनिटाला ६०० फेऱ्यांप्रमाणे सुमारे २७०० तास. आमची गिरण महिन्याला दोनशे तासांच्या आसपास चालते, म्हणजे कागदावर तेरा महिने. प्रत्यक्षात बेअरिंग आठ महिन्यांत जात होते. मालकांनी ही तफावत लपवली नाही. कागदावरचे आयुष्य स्वच्छ ग्रीस धरून असते, आणि आमच्या बेअरिंगच्या सीलमधून कोंड्याची धूळ आत गेली होती. जुने बेअरिंग उघडून त्यांनी काळे पडलेले, वाळूसारखे लागणारे ग्रीस माझ्या बोटांवर ठेवले. भाराने अर्धे काम केले होते, धुळीने उरलेले.

घनाच्या या नियमामुळेच एक नंबर मोठे बेअरिंग घेण्याचा सल्ला किती लंगडा होता ते कळले. २०९ ची क्षमता सुमारे ३२.५ किलोन्यूटन, त्यामुळे आयुष्य वाढले असते जेमतेम १.४ पट, आणि त्यासाठी ४५ मिलिमीटरचा नवा शाफ्ट वळवून घ्यावा लागला असता. याउलट भार निम्मा केला तर आयुष्य आठपट होते, आणि भार कमी करायला आमच्याकडे भरपूर वाव होता.

त्यांनी सुचवलेले बदल असे होते. मोटारवर १२५ आणि हलरवर ३०० मिलिमीटरची पुली, म्हणजे हलरचा वेग तोच ६०० राहील. बी-७५ ऐवजी बी-८० चे (अंक पट्ट्याची लांबी इंचांत सांगतो) तीन पट्टे, तिन्ही एकाच वेळी नवे आणि एकाच जुळणीतले. पुली शाफ्टवर आत सरकवून मध्य बेअरिंगपासून ११० मिलिमीटरवर आणायचा आणि मोटारची रेल तितकीच आत घ्यायची. पट्ट्याचा ताण गेजवर २० न्यूटनला बसवायचा. नवे पट्टे सुरुवातीला सव्वापट ताणून, अर्धा तास चालवून पुन्हा तपासायचे, कारण नवा पट्टा खाचेत बसला की सैल होतो. या मांडणीत शाफ्टची ओढ १९०० न्यूटन येते, गुणक २.४ पडतो, जो व्ही पट्ट्याच्या मर्यादेत वरच्या टोकाला आहे. हलरला मधूनच धक्के बसतात म्हणून त्यांनी तो मुद्दाम खाली आणला नाही. जवळच्या बेअरिंगवर आता सुमारे २४२० न्यूटन आहेत आणि कागदावरचे आयुष्य ४८ हजार तासांच्या पुढे जाते. "हा आकडा भिंतीवर लावू नका," असे त्यांनी बजावले. "धूळ आत गेली की तो आकडा संपला."

मी विचारल्यावर त्यांनी दोन्ही बदलांचा वेगवेगळा परिणामही काढून दिला. नुसती पुली आत सरकवली असती तर आयुष्य १.६ पट झाले असते. नुसता ताण योग्य केला असता तर जवळजवळ अकरापट. तरीही पुली सरकवण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही, कारण त्यामुळे शाफ्टला वाकवणारा आघूर्ण, म्हणजे ओढ आणि अंतर यांचा गुणाकार, उतरतो. ताण आणि जागा दोन्ही धरून तो ८४० न्यूटन-मीटरवरून २०९ वर आला. माझ्या मते आम्ही केवळ सुदैवाने वाचलो. बेअरिंग गेले तर ब्लॉक बदलता येतो, परंतु चालत्या गिरणीत पुलीसकट शाफ्ट तुटला असता तर समोर उभ्या असलेल्या माणसाचे काय झाले असते, याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

तपशिलाबाबत हे लोक काटेकोर आहेत. मोठ्या पुलीचे वजन सुमारे १२ किलो भरले. आमची मोटार हलरच्या बाजूला, समान उंचीवर आहे, म्हणून पट्ट्याची ओढ आडवी आणि पुलीचे वजन खाली, असे दोन भार काटकोनात आहेत. ते सरळ बेरजेने मिळवायचे नसतात. तसे काढल्यावर एकूण भारात अवघ्या पाच न्यूटनची भर पडली. मोटार खाली असती तर वजन पूर्ण मिळवावे लागले असते. मोटार वर असती तर पट्टा ब्लॉकला उचलू पाहील आणि ओढ बिडाच्या घराच्या वरच्या भागावर व बोल्टांवर येईल, तेव्हा ब्लॉकची बसवणूकच बदलावी, असेही त्यांनी सांगितले. पलीकडच्या बेअरिंगवर भार फार कमी तर होत नाही ना, हेही त्यांनी पाहिले, कारण अगदी हलक्या भारात गोळ्या नीट न फिरता घसरतात. क्षमतेच्या एक टक्का, म्हणजे २९१ न्यूटन तरी हवेत. तेथे आता सुमारे ५२० आहेत.

मोटारच्या बाजूलाही त्यांनी पाहिले. मागच्या वर्षी मोटारचे पुढचे बेअरिंग एकदा गेले होते आणि आम्ही वाइंडिंगवाल्याला दोष दिला होता. ४२०० न्यूटनची तीच ओढ मोटारच्या शाफ्टलाही लागत होती, आणि मोटार बनवणारे शाफ्टच्या टोकावर किती आडवा भार चालेल हे तक्त्यात देतात, याची आम्हाला कल्पनाच नव्हती. पुली मोटारच्या खांद्याला जितकी चिकटून बसेल तितके चांगले, हे येथेही लागू पडते.

आता उणिवा. मोजमापानंतर मिळणारा कागद इंग्रजीत असतो. आकडे समजतात, पण खालच्या सूचना आमच्या फिटरला मला वाचून दाखवाव्या लागल्या. ज्या भागातील गिरण्या चालवणारी माणसे मराठी आणि कोंकणीत विचार करतात, तेथे हा कागद मराठीत असायलाच हवा. त्याहून महत्त्वाची उणीव हिशेबातच आहे. हलरचा रोटर भाताला स्क्रूसारखा पुढे ढकलतो, आणि त्याची उलट प्रतिक्रिया शाफ्टच्या लांबीच्या दिशेने बेअरिंगवर येते. हा जोर कागदावर कोठेही नव्हता. मी विचारले तेव्हा त्यांनी तोंडी सांगितले की हा जोर आधीही होता आणि आताही तेवढाच आहे, म्हणून तुलनेत तो घेतला नाही, आणि बेअरिंगला शाफ्टवर पकडून ठेवणारे ग्रब स्क्रू घट्ट आहेत की नाहीत ते दर महिन्याला पाहायचे. उत्तर पटण्याजोगे आहे, पण तुलना वेगळी आणि बेअरिंगचे आयुष्य वेगळे. ४८ हजार तासांचा आकडा लिहिताना खाली "आडव्या भारापुरता" असा शेरा असता तर कागद पूर्ण झाला असता. बी-८० चे जुळणीतले तीन पट्टे दुकानात नव्हते आणि ते येईपर्यंत आणखी एक आठवडा गेला, हेही सांगतो.

दराबाबत बोलायचे तर बेअरिंग आणि पट्टे बाजारभावापेक्षा स्वस्त नाहीत. त्यांच्या खोक्यावरचा शिक्का आणि बेअरिंगवर कोरलेला क्रमांक ते ग्राहकासमोर जुळवून दाखवतात, आणि नकली माल फिरत असल्याच्या दिवसांत मला त्याचे पैसे द्यायला काहीच वाटत नाही. दोन पुल्या, तीन पट्टे, एक ब्लॉक आणि मजुरी यांचा खर्च मागच्या दोन वर्षांतील तीन ब्लॉक, वाया गेलेले पट्टे आणि बंद दिवस यांच्या तुलनेत कमीच झाला.

हे सारे होऊन अकरा महिने झाले. मधला पावसाळा गेला, आणि सत्तरीतला पावसाळा यंत्राला काय करतो ते येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. पुलीच्या बाजूच्या ब्लॉकवर पूर्वी तासाभराने हात ठेववत नसे. आता दिवसभर चालल्यावरही तो फक्त कोमट लागतो. धुळीसाठी त्यांनी ब्लॉकवर रबरी झाकण बसवले आणि ग्रीस मोजून, ठरल्या वेळी, जुने ग्रीस थोडे बाहेर येईपर्यंतच भरायला शिकवले. पट्ट्याचे गेज मी त्यांच्याकडूनच विकत घेतले, आणि आमचा फिटर आता पहिल्या सोमवारी ते लावून आकडा वहीत लिहितो. मागच्या महिन्यात १९ होता, या महिन्यात १८. त्याने मला विचारले, "मालक, आवळू का?" आम्ही दुकानात फोन केला. त्यांनी पट्टा घसरतो का, पुली गरम होते का, असे दोनच प्रश्न विचारले, आणि दोन्हींचे उत्तर नाही असे कळल्यावर हात न लावण्यास सांगितले. पोह्याच्या यंत्राचे मोजमाप घेण्यासाठीही ते येणार आहेत.